अक्कलदाढ काढल्यानंतर वेदनाशामक गोळ्या कधी आणि कशा घ्याव्यात

अक्कलदाढ काढून घरी परतल्यावर पहिले दोन-तीन तास फारसे काही दुखत नाही. खालचा ओठ जाड झाल्यासारखा वाटतो, जिभेची एक बाजू परकी वाटते, गालावरून हात फिरवला तर तो गाल आपला नाहीच असे वाटते, पण दुखणे म्हणावे असे काही नसते. पुढच्या तीन दिवसांत किती त्रास होणार, हे बऱ्याच अंशी याच न दुखणाऱ्या तासांत ठरते. वेदनाशामकाचा पहिला डोस घेण्याची वेळ हीच असते आणि नेमकी हीच वेळ बहुतेक जण हातची घालवतात.

मीही ती घालवली होती. माझी खालची डावी अक्कलदाढ हाडात आडवी अडकलेली होती आणि हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून ती काढावी लागली. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या समोर टेबलावर होत्या, तरी दुखत नसताना औषध कशाला पोटात घालायचे असा विचार करून मी आडवा झालो. दुपारी तीनच्या सुमारास ओठाच्या कोपऱ्यात मुंग्या आल्या आणि बधिरपणा जातो आहे म्हणून बरेही वाटले. त्यानंतर अर्ध्या तासात ठणका कानापर्यंत पोहोचला. तेव्हा घेतलेल्या गोळीचा गुण यायला एक तासाहून अधिक वेळ लागला आणि तो सगळा वेळ मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत काढला. औषध योग्य होते, मात्राही योग्य होती, चुकली होती ती केवळ वेळ. तो एक तास दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पुढे दिलेली मात्रा आणि अंतरे अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी आहेत. तुमच्या दंतवैद्यांनी चिठ्ठीवर वेगळे काही लिहिले असेल तर तेच पाळावे, कारण तुमची प्रकृती, तुमची इतर औषधे आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया त्यांना ठाऊक असते. लहान मुलांची आणि कमी वजनाच्या किशोरवयीनांची मात्रा वजनावरून ठरते, त्यामुळे त्यांच्यासाठी येथील आकडे वापरू नयेत.

पहिली गोळी: भूल उतरण्याआधी

खालच्या जबड्यात सहसा लिडोकेन आणि त्यासोबत ॲड्रेनलिन असे इंजेक्शन देतात. त्याने दाताच्या आतली संवेदना तास-दीड तास जाते, पण ओठ, जीभ आणि हिरडी साधारण ३ ते ५ तास बधिर राहतात. वरच्या जबड्यातली भूल बहुधा त्याहून लवकर उतरते. काही डॉक्टर मोठ्या शस्त्रक्रियेत ब्युपिव्हाकेन वापरतात आणि त्याचा बधिरपणा आठ तास किंवा त्याहूनही अधिक टिकू शकतो. म्हणून खुर्चीवरून उठण्याआधी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. पहिली म्हणजे भुलेचे शेवटचे इंजेक्शन किती वाजता दिले आणि ती केव्हा उतरेल. दुसरी म्हणजे शस्त्रक्रियेच्या आधी किंवा दरम्यान, तोंडाने किंवा शिरेतून, एखादे वेदनाशामक दिले आहे का आणि दिले असल्यास कोणते व किती वाजता. दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ज्यांना झोपेचे औषध किंवा पूर्ण भूल दिली जाते त्यांना पॅरासिटामॉल किंवा केटोरोलॅक शिरेतून आधीच मिळालेले असू शकते, आणि मग घरी आल्यावरची पहिली गोळी त्या वेळेपासून मोजावी लागते. सोबत आलेल्या माणसाने हे कागदावर लिहून घेतलेले उत्तम, कारण त्या वेळी आपले लक्ष ठिकाणावर नसते.

लवकर गोळी घेण्यामागचे कारण समजले की ती घेताना मनात शंका राहत नाही. हिरडी कापली आणि हाड तासले की त्या जागच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार करू लागतात. ही रसायने आसपासच्या मज्जातंतूंची टोके हळवी करतात, इतकी की एरवी जाणवणारही नाही असा स्पर्शही दुखू लागतो. ॲस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात हे ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि १९८२ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. आयबुप्रोफेन हे वेदनाशामकही त्याच मार्गाने काम करते. नवीन रसायन तयार होणे ते थांबवू शकते, पण आधीच हळवे झालेले मज्जातंतू तत्काळ शांत करणे त्याच्या हातात नसते. भूल असताना आपल्याला दुखत नाही म्हणून दाढेच्या रिकाम्या खळग्यात काही घडत नाही असे मुळीच नसते. तिथे प्रोस्टाग्लँडिन साचतच असते आणि मेंदूपर्यंत निरोप तेवढा पोहोचत नसतो.

आता हिशेब मांडू. तोंडाने घेतलेल्या आयबुप्रोफेनचा गुण यायला साधारण अर्धा ते एक तास लागतो आणि पूर्ण परिणाम एक ते दोन तासांत येतो. भूल सकाळी साडेदहाला दिली असेल तर ती दीड वाजल्यानंतर केव्हाही उतरू लागेल असे धरावे. म्हणजे गोळी पोटात जाण्याची वेळ साडेबाराच्या आसपास येते, तीही ओठ पूर्ण बधिर असतानाच. दाढ निघाली ११ वाजता, त्यानंतर पाऊण तास कापसाचा बोळा चावून धरला, पावणेबाराला तो काढला आणि रक्त थांबल्याची खात्री केली, मग थोडे मऊ व कोमट काही खाल्ले आणि साडेबाराला गोळी घेतली, असा क्रम सहज जुळतो. भूल केव्हा उतरेल याचा नेमका अंदाज नसेल तर ओठाच्या कडेला पहिली मुंगी येताच गोळी घ्यावी. ठणक्याची वाट पाहिली तर औषध मागे पडते आणि मग त्याला बराच काळ दुखण्याच्या मागे धावावे लागते.

गोळी गिळतानाही थोडी काळजी लागते. तोंडात बोळा असताना गोळी घेऊ नये. पाणी साधे किंवा गार असावे आणि पेल्याने लहान लहान घोट घेत प्यावे; स्ट्रॉने ओढून पिऊ नये, कारण ओढण्याच्या जोराने खळग्यातली रक्ताची गुठळी निसटू शकते. ओठ व गाल बधिर असताना चावून खाल्ले तर गाल चावला जातो आणि ते कळतही नाही, म्हणून त्या वेळी न चावता गिळता येईल असेच खावे. आयबुप्रोफेन अगदी रिकाम्या पोटी घेतल्यास पोटात जळजळ होऊ शकते. मात्र पोटभर जेवण जमेपर्यंत गोळी लांबवण्याचेही कारण नाही. चार-सहा घास पुरेसे असतात. मोठी गोळी गिळताना जबडा उघडत नसेल तर पातळ औषध किंवा पाण्यात विरघळणारी गोळी मागून घ्यावी. लेप चढवलेली किंवा हळूहळू विरघळणारी गोळी फोडून वा कुटून घेऊ नये, कारण तिचे वेळेचे सगळे गणित त्या लेपातच असते.

दोन औषधे, दोन घड्याळे

आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही औषधे वेदना कमी करतात, पण त्यांचे मार्ग वेगळे आहेत. आयबुप्रोफेन जखमेच्या जागी दाह आणि सूज कमी करते, तर पॅरासिटामॉलचा परिणाम मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर होतो व सुजेवर त्याचा फारसा प्रभाव पडत नाही. मार्ग वेगळे असल्यामुळे दोन्ही एकत्र घेता येतात आणि एकत्र घेतल्यास एकट्या औषधापेक्षा अधिक आराम मिळतो. खालच्या अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवरचे अभ्यास एकत्र करून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन हे १००० मिलिग्रॅम पॅरासिटामॉलपेक्षा सरस ठरले होते आणि दोन्हींची जोडी त्याहून आश्वासक दिसली होती. अमेरिकन डेंटल असोसिएशननेही २०२४ मधल्या मार्गदर्शक सूचनांत दातांच्या तीव्र वेदनेसाठी आयबुप्रोफेनच्या गटातली औषधे, एकटी किंवा पॅरासिटामॉलसोबत, हाच पहिला पर्याय मानला आहे.

प्रौढांसाठी आयबुप्रोफेनची नेहमीची मात्रा ४०० मिलिग्रॅम असून दोन डोसांमध्ये ६ तासांचे अंतर ठेवणे सोयीचे पडते. स्वतःच्या निर्णयाने घेताना २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या, म्हणजे तीन गोळ्यांच्या पुढे जाऊ नये. दर सहा तासांनी चौथी गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांनी सांगितलेली असावी. पॅरासिटामॉल एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम घेता येते, दोन डोसांत किमान ४ तास आणि शक्यतो ६ तास अंतर ठेवावे, आणि २४ तासांत एकूण ४००० मिलिग्रॅमची मर्यादा कोणत्याही कारणाने ओलांडू नये. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा आजार असेल, नियमित मद्यपान असेल किंवा कित्येक दिवस नीट खाणे झाले नसेल, तर ही मर्यादा याहून बरीच खाली येते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. २४ तास म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचा दिवस नव्हे. रात्री अकरा वाजता एक डोस घेतला आणि बारा वाजल्यावर तारीख बदलली म्हणून नवा हिशेब सुरू केला, असे शरीर मानत नाही. कोणतीही गोळी हातात घेताना या क्षणापासून मागच्या २४ तासांत किती घेतली, हेच मोजायचे असते.

वेळापत्रक दोन प्रकारे आखता येते. पहिला प्रकार म्हणजे दोन्ही औषधे एकाच वेळी घेणे: दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेसहा, रात्री साडेबारा आणि सकाळी साडेसहा. दुसरा प्रकार आलटून पालटून घेण्याचा, म्हणजे साडेबाराला आयबुप्रोफेन, साडेतीनला पॅरासिटामॉल, साडेसहाला पुन्हा आयबुप्रोफेन आणि साडेनऊला पुन्हा पॅरासिटामॉल. दोन्हींत प्रत्येक औषधाचे स्वतःचे सहा तासांचे अंतर कायम राहते आणि चौथ्या आयबुप्रोफेनबद्दलची अटही दोन्हीकडे तीच. दुसऱ्या प्रकाराचे समर्थक म्हणतात की त्यात औषधाचा अंमल कधी पूर्ण ओसरत नाही आणि ज्यांना सहा तास पुरत नाहीत, पाचव्या तासालाच ठणका सुरू होतो, त्यांना त्याचा खरोखर उपयोग होतो. तरीही माझा कल स्पष्टपणे पहिल्या प्रकाराकडे आहे. दर तीन तासांनी गोळी घेणे म्हणजे रात्रीची झोप दोनदा मोडणे, आणि गुंगीत कोणती गोळी कधी घेतली याचा घोळ होण्याची शक्यता दुप्पट होणे. पहिल्या दिवशी एकत्र घेऊन पाहावे, आणि मधले तास निभत नाहीत असे दिसले तरच आलटून पालटून घेण्याकडे वळावे.

दंतवैद्य कित्येकदा आयबुप्रोफेनऐवजी त्याच गटातले दुसरे औषध देतात आणि त्याचे घड्याळ निराळे असते. ॲसिक्लोफेनॅक सहसा १२ तासांनी, म्हणजे दिवसातून दोनदा घेतात. डायक्लोफेनॅक दिवसातून दोन किंवा तीन वेळा दिले जाते. केटोरोलॅक अधिक तीव्र असून ते एकूण पाच दिवसांपलीकडे घेऊ नये. यांपैकी एक सुरू असताना, आराम पडला नाही म्हणून वर आयबुप्रोफेनची गोळी घेणे ही घातक चूक आहे. ती एकाच गटातली औषधे असल्यामुळे आराम फारसा वाढत नाही, मात्र पोटातला रक्तस्राव आणि मूत्रपिंडावरचा ताण निश्चित वाढतो. अशा वेळी मध्ये घालायचे ते पॅरासिटामॉल, आणि तेही चिठ्ठीतल्या गोळीत ते आधीच मिसळलेले नसेल तरच.

हे मिसळलेले पॅरासिटामॉल फसवते. वेदनाशामकांच्या अनेक गोळ्या दोन औषधांच्या मिश्रणाच्या असतात, आणि सर्दी-तापाच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. पाकिटावरच्या ठळक नावाखाली बारीक अक्षरांत घटक आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ते वाचल्याशिवाय दुसऱ्या पाकिटातली गोळी घेऊ नये. अमेरिकेतून आलेल्या औषधावर त्याचेच नाव ॲसिटामिनोफेन असे असते. पॅरासिटामॉलची मात्रा अधिक झाली तर पहिल्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही, फार तर मळमळते, आणि तोवर यकृताची हानी सुरू झालेली असते. त्यावरचा उतारा, ॲसिटिलसिस्टीन, आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत प्रभावी ठरतो. म्हणून हिशेब चुकल्याचे लक्षात आले की लक्षणांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे.

कागद आणि गजर

मी एका साध्या कागदावर तीन रकाने आखले होते: वेळ, गोळीचे नाव आणि मिलिग्रॅम. तो कागद आणि पेन्सिल उशाशी, पाण्याच्या पेल्याखाली ठेवलेली असे. दुसऱ्या रात्री साडेतीन वाजता मला जाग आली, जबडा ठणकत होता आणि साडेबाराची गोळी घेतली होती की घ्यायची राहिली होती हे काही केल्या आठवेना. गोळ्यांच्या पट्टीकडे पाहून काहीच कळत नव्हते, कारण किती रिकाम्या जागा असायला हव्यात हेच ठाऊक नव्हते. कागदावर मात्र पावणेएकची नोंद होती, अक्षर वेडेवाकडे पण स्पष्ट. मी आयबुप्रोफेनची पट्टी परत ठेवली, कपड्यात गुंडाळलेला बर्फ गालाला लावला आणि सकाळी पावणेसातपर्यंत थांबलो. कागद नसता तर मी नक्की दुसरी गोळी घेतली असती. नोंद गोळी गिळताच करावी; नंतर लिहू म्हटले की ती राहून जाते.

घरात काळजी घेणारे दोघे असतील तर नोंद एकाच कागदावर व्हावी. एकाने दिलेली गोळी दुसऱ्याला माहीत नसणे, हे दुहेरी मात्रेचे नेहमीचे कारण आहे.

पहिल्या रात्री मधल्या डोससाठी गजर लावावा असे माझे मत आहे. अक्कलदाढेच्या वेदनेचा पहिला जोर भूल उतरल्यानंतरच्या काही तासांत असतो आणि पहिली रात्र त्यातच सापडते. गाढ झोपेत आठ-नऊ तास गेले तर सकाळी औषधाचा अंमल पूर्ण ओसरलेला असतो आणि दिवसाची सुरुवातच ठणक्याने होते. झोपण्यापूर्वी पेलाभर पाणी, मोजून काढलेली एका वेळची गोळी आणि सोबत खायला दोन घास मऊ काही, एवढे उशाशी ठेवावे; गोळ्यांची पूर्ण पट्टी अर्धवट झोपेत हाताशी नसलेली बरी. डोके दोन उशांवर उंच ठेवून झोपल्यास जखमेकडे रक्ताचा दाब कमी राहतो आणि ठणकाही कमी जाणवतो. दुसऱ्या रात्रीपासून मात्र झोप लागत असेल तर ती मोडू नये.

डोस चुकला तर आठवताच घ्यावा आणि पुढची वेळ तेथून मोजावी. चुकलेल्याची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली आणि गोळी जशीच्या तशी बाहेर पडलेली दिसली, तर ती पुन्हा घेता येते. दिसली नाही तर ती पोटात गेली असे समजून पुढच्या वेळेपर्यंत थांबावे. उलट्या थांबत नसतील तर डॉक्टरांना कळवावे.

दोन डोसांमधल्या तासांसाठी बर्फाचा शेक हा चांगला आधार आहे. पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही गालावर १५-२० मिनिटे शेकावे आणि मग तेवढाच वेळ थांबावे. बर्फ थेट कातडीला लावू नये. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर ठेवण्याचा उपाय मात्र कुणी सांगितला तरी करू नये, कारण त्या आम्लाने हिरडी भाजते आणि जखमेशेजारी दुसरी जखम तयार होते. प्रतिजैविके दिली असतील तर ती त्यांच्या वेळेवर वेगळी घ्यावीत. ती संसर्गासाठी असतात आणि त्यांनी ठणका कमी होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

तिसऱ्या दिवसानंतर गोळ्या कमी करणे

वेदना आणि सूज एकाच वेळी कमी होत नाहीत, आणि यामुळे अनेक जण गोंधळतात. वेदनेचा जोर पहिल्या दिवशी असतो, पण सूज वाढत जाऊन ४८ ते ७२ तासांत सर्वाधिक होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरशात गाल अधिक फुगलेला दिसला म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नये. याच काळात जबडा आखडतो आणि तोंड दोन बोटेही उघडत नाही. म्हणून पहिले दोन ते तीन दिवस गोळ्या ठरल्या वेळी घ्याव्यात आणि मधल्या काळात बरे वाटले तरी लगेच थांबू नये.

त्यानंतर गोळ्या कमी कराव्यात. एकदम सगळे बंद करण्यापेक्षा आधी अंतर सहा तासांवरून आठ तासांवर न्यावे. तेवढ्यावर दिवस नीट गेला तर दुपारचा डोस वगळून पाहावा. रात्री झोपण्यापूर्वीचा डोस शेवटपर्यंत ठेवावा, कारण दिवसभर बोलून आणि खाऊन जबडा थकलेला असतो आणि अंथरुणाला पाठ टेकली की दुखणे अधिक जाणवते. तोंड उघडण्याचे व्यायाम सांगितले असतील तर ते गोळीनंतर साधारण तासाभराने करावेत, तेव्हा ते सोपे जातात. साधी, न कापता निघालेली दाढ असेल तर दोन दिवसांतच गोळीची गरज संपू शकते; हाड तासून काढलेल्या दाढेला पाच-सहा दिवसही लागतात. दोन्ही गोष्टी सामान्य आहेत.

वेदना दर दिवशी थोडी तरी उतरत गेली पाहिजे. ती दोन दिवस उतरून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा चढू लागली, ठणका कानाकडे किंवा कानशिलाकडे जाऊ लागला, तोंडाला घाण चव व वास येऊ लागला आणि नियमित गोळ्यांनीही फरक पडेना, तर खळग्यातली गुठळी निघून हाड उघडे पडले असण्याची शक्यता मोठी असते. याला ड्राय सॉकेट म्हणतात. तो खालच्या जबड्यात अधिक आढळतो आणि धूम्रपान करणाऱ्यांत त्याचे प्रमाण जास्त असते. येथे गोळ्यांची संख्या वाढवून काही साधत नाही. दंतवैद्य खळगा धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात आणि त्याने बऱ्याचदा लवकर आराम पडतो. त्यामुळे दिवसभर वाट पाहून रात्री तळमळण्यापेक्षा सकाळीच फोन करावा.

ताप येणे, पू येणे, बोळा दाबूनही रक्त न थांबणे आणि दुसऱ्या दिवशीही ओठ वा जीभ बधिर असणे, यांबद्दलही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. गिळता येईनासे झाले किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

गोळी घेण्याआधी ज्यांनी विचारायलाच हवे

ज्यांना पोटात अल्सर झालेला आहे, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार आहे, ज्यांचा दमा ॲस्पिरिनसारख्या गोळीने उसळतो, किंवा जे वॉर्फरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेतात, त्यांनी आयबुप्रोफेन आणि त्याच्या गटातली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लिथियम आणि मेथोट्रेक्सेट यांच्याशीही त्यांचे जुळत नाही. गरोदरपणात, विशेषतः २० आठवड्यांनंतर, हा गट टाळला जातो आणि पॅरासिटामॉलही प्रसूतितज्ज्ञांना विचारून घ्यावे. हृदयासाठी रोज कमी मात्रेची ॲस्पिरिन घेणाऱ्यांनी ती स्वतःहून बंद करू नये. आयबुप्रोफेन त्या ॲस्पिरिनच्या कामात अडथळा आणू शकते, म्हणून ते साध्या ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासाने किंवा तिच्या आधी आठ तासांहून अधिक अंतराने घेण्यास सांगतात. ॲस्पिरिनवर लेप असेल तर हे अंतर लागू होत नाही आणि डॉक्टरांकडूनच वेळ ठरवून घ्यावी लागते.

क्वचित डॉक्टर ट्रॅमॅडॉल किंवा कोडीनसारखे अफूच्या जातीचे औषध देतात. ते ठरलेल्या वेळी नियमित घेण्याचे औषध नाही. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल वेळेवर घेऊनही वेदना असह्य झाली तरच, सांगितलेल्या मात्रेत आणि कमीत कमी दिवस ते घ्यावे. त्याने गुंगी, मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. ते घेतल्यावर वाहन चालवू नये आणि मद्य किंवा झोपेच्या गोळीसोबत ते कदापि घेऊ नये, कारण श्वास मंदावू शकतो. मद्य तर या सगळ्या दिवसांत वर्ज्यच ठेवावे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आणि मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक यांपैकी कुणाशीही त्याचे पटत नाही.

टाके काढायला किंवा तपासणीला जाल तेव्हा वेळांचा तो कागद सोबत न्यावा. गोळ्यांमधली अंतरे सहावरून आठ आणि आठवरून बारा तासांवर गेलेली दिसली, की जखम कशी भरत आली हे दंतवैद्यांना तोंड उघडून पाहण्याआधीच कळते. आणि अंतरे पुन्हा आखडलेली दिसली, तर खळग्यात काय शोधायचे तेही.